वॉटरहाउसची बाई क्रॉस स्टिचमध्ये उतरवायची तर आधी तिचा चेहरा मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंना वॉटरहाउस या इंग्लिश चित्रकाराचं 'द लेडी ऑफ शॅलॉट' (होडीत बसलेली एक बाई) हॉलमध्ये लावायला क्रॉस स्टिचमध्ये, म्हणजे फुलीच्या टाक्यात करायचंय. नेटवरून इमेज घेतली, सॉफ्टवेअरमध्ये टाकली, रुंदी २०० टाके आणि रंग ९० ठेवले, कापड घरात होतं ते मॅटीचं. ग्राफ, म्हणजे टाक्यांचा चौकटीचा नमुना, आला त्यात पाणी, गवत, होडी सगळं ओळखू येतंय पण चेहरा म्हणजे नुसता डाग. मग रंग १२० केले तरी डाग तसाच. आता विचारतायत की रंग अजून वाढवू का सॉफ्टवेअर बदलू.

दोन्ही नका करू. मूळ चित्र केवढं आहे ते बघा आधी. १८८८ सालचं तैलचित्र, लंडनला टेट संग्रहालयात आहे, उंची १५३ सेंटीमीटर आणि रुंदी २०० सेंटीमीटर. तुम्ही रुंदी २०० टाके ठेवली म्हणजे मूळ कॅनव्हासचा एक सेंटीमीटर तुमच्याकडे एका टाक्यात आला. तिचा एक डोळा कॅनव्हासवर असून असून दोन-तीन सेंटीमीटर असणार, म्हणजे तुमच्या वाट्याला दोन-तीन टाके, त्यात पापणी बुबुळ भुवई सावली सगळं बसवायचं. नाही बसत. तिथे ९० रंग द्या नाहीतर ४०० द्या, दोन टाक्यांत दोनच रंग येणार ना.

आणि सॉफ्टवेअरला ती बाई आहे हेच माहीत नसतं. त्याच्या लेखी गवताची काडी आणि ओठाची कड सारखीच. चित्रकाराने तसं केलेलं नसतं, त्याने चेहऱ्यावर महिना घालवलेला असतो आणि मागची झाडं ब्रशच्या चार फटकाऱ्यांत संपवलेली असतात. तर या एकोणिसाव्या शतकातल्या रोमँटिक चित्रांचा ग्राफ करणं म्हणजे मशीनने सगळीकडे सारखं वाटून टाकलेलं लक्ष परत गोळा करून चेहऱ्यावर आणि हातांवर आणणं, बाकी सगळं त्याच्या नंतर.

म्हणून मी साइज नेहमी चेहऱ्यावरून ठरवते, भिंतीवरून नाही. केस सोडून कपाळापासून हनुवटीपर्यंत निदान ४० टाके मिळाले तर भाव येतात, ३० मध्ये मेहनत करून जमतं, २० च्या खाली गेलं की फक्त माणूस आहे एवढं कळतं. इमेजमध्ये चेहऱ्याची उंची मोजा, ती पूर्ण उंचीत किती वेळा बसते ते काढा, त्या आकड्याला ४० ने गुणा, ही तुमच्या ग्राफची उंची. उभी आकृती चित्रभर असेल तर चेहरा साधारण नववा-दहावा भाग येतो, म्हणजे ३६० ते ४०० टाके उंची. आकडा बघून बहुतेक जणी इथेच पळतात :)

पळू नका, तीन वाटा आहेत.

पहिली वाट क्रॉप. शॅलॉटच्या बाबतीत मी हेच सांगेन. पूर्ण होडी नकोच. ती बसलीय तो भाग घ्या, कॅनव्हासवरचा साधारण ८० बाय १०० सेंटीमीटरचा उभा तुकडा, आणि तो २४० बाय ३०० टाक्यांत करा, म्हणजे सेंटीमीटरला तीन टाके मिळाले आणि एकूण ७२,०००. फक्त कापताना एक बघा, तिच्या उजव्या हातात होडीची साखळी आहे, ती सोडतेय म्हणून तर होडी पुढे वाहत जाते, तो हात आत राहिला पाहिजे. पुढच्या टोकाच्या तीन मेणबत्त्या, ज्यातली एकच जळतेय, त्या जातील, जाऊ देत. होडीवर टाकलेल्या विणलेल्या कापडावर गोलात छोटी छोटी चित्रं आहेत ती तशीही टाक्यांत उतरत नाहीत, रंगीत ठिपके होतात, त्यामुळे ती कापली गेली तर फार वाईट वाटून घेऊ नका.

दुसरी वाट जुनी आहे आणि मला सगळ्यात आवडते. व्हिक्टोरियन काळात बायका हेच करत होत्या, तेव्हा बर्लिनहून चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने यायचे, त्यावरून जाळीच्या कॅनव्हासवर लोकरीने भरायच्या, प्रसिद्ध चित्रं सुद्धा, लँडसीअर या चित्रकाराची कुत्री-हरणं तर घरोघरी. त्या कामात बऱ्याचदा चेहरा आणि हात बारीक टाक्यात आणि बाकी सगळं मोठ्या टाक्यात असायचं. आपल्यालाही तेच करता येतं. २८ काउंटचं इव्हनवीव्ह घ्या (काउंट म्हणजे एका इंचात किती धागे किंवा ठोकळे, इव्हनवीव्ह म्हणजे आडवे-उभे धागे सारखे असलेलं कापड), सगळं चित्र कापडाच्या दोन-दोन धाग्यांवर भरा, म्हणजे ते १४ काउंटसारखंच दिसणार, आणि चेहरा, गळा, हात एवढंच एका धाग्यावर. तेवढ्याच जागेत चौपट टाके मिळतात. १८ टाक्यांचा चेहरा ३६ चा झाला, आणि ग्राफची बाकीची साइज हलली नाही.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. एका धाग्यावर भरताना दोऱ्याचा एकच पदर घ्यायचा आणि प्रत्येक फुली तिथल्या तिथे पूर्ण करायची, आधी सगळे अर्धे टाके टाकत जायचं आणि मग परतताना फुल्या करायच्या असं इथे केलं की टाका विणीखाली सरकून गायब होतो. दुसरं म्हणजे बारीक आणि मोठ्या टाक्यांचा सांधा गालावर येऊ द्यायचा नाही, तो केसांच्या कडेला, ड्रेसच्या गळ्याशी, बाहीच्या टोकाशी लपवायचा. आयडावर (क्रॉस स्टिचचं तयार ठोकळ्यांचं कापड) आणि मॅटीवर हे होत नाही कारण तिथे ठोकळेच विणलेले असतात, ते फोडून मध्ये सुई घालता येते पण वैताग येतो.

मॅटीचा विषय निघालाच तर सांगून टाकते. टेबलक्लॉथ, कुशन कव्हर, तोरणं यासाठी मॅटी आणि दुसुती उत्तम, आपल्या आया-आज्यांनी आयुष्यभर त्यावरच कशिदा काढला. पण चेहऱ्यासाठी घेताना पट्टी लावून आडवे ५० ठोकळे मोजा आणि उभे ५० मोजा. ताग्यावरच्या मॅटीत बऱ्याचदा दोन्ही सारखे भरत नाहीत. फुलांना काही फरक पडत नाही, पण बाई एकतर लांबोडकी होते नाहीतर बसकी. सारखं भरलं तरच वापरा.

तिसरी वाट म्हणजे चित्रच बदलायचं, म्हणजे असं चित्र निवडायचं जिथे चेहरा झाकलेला आहे. हसू नका, खरंच सांगतेय. पहिल्यांदाच करत असाल तर फ्रांचेस्को हायेजचं 'द किस' घ्या, १८५९ चं, मिलानला ब्रेरा संग्रहालयात आहे, ११२ बाय ८८ सेंटीमीटर. त्याच्या हॅटने त्याचा चेहरा खाल्लाय, तिचा अर्धा त्याच्या हाताआड गेलाय, मागे साधी दगडी भिंत. जे काही नाट्य आहे ते शरीरांच्या वळणात आणि तिच्या फिक्या निळ्या सॅटिनमध्ये. २५० टाके उंची घेतली तर रुंदी १९६ येते, ४९,००० टाके, १४ काउंटवर १८ बाय १४ इंच. झेपणारं काम आहे.

आणि जरा हात बसलेला असेल तर माझं सगळ्यात लाडकं, फ्रेडरिक विल्यम बर्टनचं 'द मीटिंग ऑन द टरेट स्टेअर्स', १८६४. डब्लिनला नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्ये आहे, जलरंगात आहे म्हणून उजेडाने खराब होऊ नये यासाठी आठवड्यातून थोडेच तास उघडतात. जुन्या डॅनिश पोवाड्यातली गोष्ट आहे, हेलेलिल नावाची राजकन्या आपल्याच बारा रक्षकांपैकी एकाच्या, हिल्डब्रँडच्या प्रेमात पडते आणि बाप आपल्या सात मुलांना त्याला मारायला सांगतो. पुढे भरपूर रक्तपात आहे पण बर्टनने तो काढलाच नाही, जिन्यात दोघं एकमेकांना ओलांडतात तेवढा क्षण काढला, ती भिंतीकडे वळलीय, तो तिच्या दंडात तोंड लपवून उभा. उघडे डोळे रंगवायचा प्रश्नच नाही! क्रॉस स्टिचवालीला यापेक्षा काय हवं. मात्र चित्र ९५.५ बाय ६०.८ सेंटीमीटर, ४०० टाके उंचीला रुंदी २५५, म्हणजे १,०२,००० टाके. तासाला शंभर-सव्वाशे टाके आणि रोज दोन तास धरले तरी सव्वा वर्ष. सांगून ठेवलेलं बरं.

आता रंग. तुमचे ९० रंग मला जास्त वाटतात, ३५ ते ४५ पुरे होतात, पण कुठे किती द्यायचे ते आपण ठरवायचं. इमेज एकाच फाइलने सॉफ्टवेअरमध्ये टाकू नका. गिम्प किंवा फोटोशॉप, जे येतं त्यात चित्राचे तुकडे वेगळ्या लेअरवर कापा, त्वचा एक, केस एक, कपडे एक, मागचं एक. मग इमेज थेट टाक्यांच्या मापाला छोटी करा, म्हणजे एक पिक्सेल एक टाका, आणि प्रत्येक लेअर वेगळा कन्व्हर्ट करा, त्वचेला १० ते १२ रंग, केसांना ६, कपड्यांना ८-१०, मागच्या सगळ्या पसाऱ्याला उरलेले. नंतर जोडा. डिदरिंग बंद. डिदरिंग म्हणजे मधली छटा मिळावी म्हणून दोन रंगांचे ठिपके शिंपडणं, स्क्रीनवर ते फार गोड दिसतं आणि कापडावर तुम्ही एकेका टाक्यासाठी धागा बदलत बसता. ज्याला सगळे कन्फेटी म्हणतात ते हेच.

कन्फेटी काढायचं बटण असतं सॉफ्टवेअरमध्ये, ते पूर्ण चित्रावर दाबू नका मात्र. झाडं, भिंत, पाणी, अंधार इथे एकटे-दुकटे टाके निर्दयपणे पुसा, काही बिघडत नाही. चेहऱ्यावर ते हाताने एकेक बघायचे कारण तिथे नाकपुडीची सावली म्हणजे एकच टाका असतो आणि तोच बटणाने उडतो.

त्वचेबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण खरी अडचण इथेच येते. या चित्रकारांनी त्वचा नुसती गुलाबी रंगवलेली नाही, उजेड आणि सावलीच्या मधल्या पट्ट्यात राखाडी, हिरवट, कधी निळसर छटा आहेत, पातळ थरांवर थर. लांबून त्या डोळ्यात मिसळतात. सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे तो हिरवट राखाडी शोधतं, डीएमसी (दोऱ्याची कंपनी, पुढचे आकडे तिच्या रंगांचे नंबर) ६४४ नाहीतर ३०२३ तिथे ठेवतं, आणि दोऱ्यात तो रंग मिसळत नाही, गालावर शेवाळ धरल्यासारखा दिसतो. सगळे हिरवट काढून टाकले की बाहुली होते. मधला मार्ग असा की रंग बदला पण गडदपणा तोच ठेवा. म्हणजे तो राखाडी जेवढा काळा-पांढरा आहे तेवढाच काळा-पांढरा पण त्वचेच्या कुटुंबातला दोरा घ्या. डीएमसीत ३७७४, ९५०, ३०६४, ४०७, ३७७२, ६३२ ही रांग फिक्याकडून गडदकडे जाते आणि या चित्रांना फार चांगली बसते, उजेडाच्या जागी ९४८ किंवा ३७७०, गालाला-ओठाला थोडं ७५८ आणि ३७७३. एखादा राखाडी मुद्दाम ठेवा, जबड्याच्या खाली वगैरे, पण दोन-तीन टाके.

गडदपणा ओळखायला सोपी युक्ती, लड्या शेजारी शेजारी ठेवून मोबाइलने ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. दोन लड्या फोटोत सारख्याच दिसल्या तर त्यातली एक कमी करा, उगाच पैसे.

अँकर कंपनीच्या दोऱ्याने होईल का असंही विचारतील कोणीतरी. होईल, आपल्याकडे दुकानात अँकरच सहज मिळतो आणि दोराही चांगला आहे. पण डीएमसीचा नंबर अँकरमध्ये बदलायचा तक्ता असतो तो जवळपासचा रंग देतो, तंतोतंत नाही, आणि पानाफुलात खपणारा फरक चेहऱ्यात खपत नाही. एकतर पूर्ण चित्र अँकरच्या पॅलेटमध्ये कन्व्हर्ट करा, नाहीतर निदान त्वचेचे दहा-बारा डीएमसी मागवा आणि बाकी अँकर वापरा. मी दुसरं करते.

डोळे उघडे असतील तर डोळ्याचा पांढरा भाग पांढऱ्याने कधीच भरू नका, बाई दचकल्यासारखी दिसते. ८४२ किंवा तसाच फिका तपकिरी घ्या. वरची पापणी महत्त्वाची, खालची जवळजवळ नकोच. काळा ३१० पूर्ण चित्रात कुठेच नको, केस-सावल्यांना ३३७१, निळ्याच्या अंधाराला ९३९. वरची पापणी, नाकपुडी, दोन ओठांमधली रेघ एवढ्याला एका पदराने ६३२ चा बॅकस्टिच (रेघेसारखा टाका) द्या, बॅकस्टिच तिरका जाऊ शकतो म्हणून चौकटीच्या पायऱ्या मोडतात. पण चेहऱ्याभोवती आउटलाइन काढू नका, कार्टून होतं. चित्रकाराने गालाची कड सावलीत मुद्दाम हरवलेली असते, तिथे गाल आणि मागचा अंधार यांचा गडदपणा जवळ आणा आणि सोडून द्या.

कपड्यांना याच्या बरोबर उलट. सॅटिनची चमक म्हणजे गडद आणि फिक्याची थेट गाठ, मध्ये छटा नाहीत. सॉफ्टवेअर तिथे मध्ये तीन छटा घालून गुळगुळीत करतं आणि सॅटिनची सुती चादर होते. हायेजच्या ड्रेसला ३७५३, ३७५२, ९३२, ९३१, ९३० एवढे पाच रंग घ्या आणि घडीच्या कडेला ३७५३ च्या शेजारी सरळ ९३१ ठेवा, धाडस करून. बर्टनचा निळा खूप गडद आणि खोल आहे, त्याला ३३४, ३२२, ३१२, ३३६, ८२३ अशी रांग, आणि पांढऱ्या कापडावर ८२३ च्या टाक्यांमधून पांढरे ठिपके डोकावतात म्हणून एकतर निळसर राखाडी कापड घ्या नाहीतर १८ काउंटवर दोन पदरांनी भरा. मोठ्या सलग रंगाच्या लड्या एकदमच, एकाच लॉटच्या घ्या. ८ मीटरच्या लडीत १४ काउंटवर दोन पदरांनी साधारण दीड-पावणेदोन हजार टाके होतात, त्यावरून हिशोब करा आणि एक जास्त घ्या. आणि सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला, दोऱ्याला चमक असते त्यामुळे दिशा बदलली की ड्रेसवर चट्टा दिसतो.

कोणीतरी रविवर्म्याचं विचारणारच, हंस-दमयंती वगैरे (ते १८९९ चं आहे), तर हो, हे सगळं तिथेही लागू. गंमत म्हणजे आपल्याकडे हे काम आधीच होऊन गेलंय. १८९४ ला मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथे फ्रिट्झ श्लायशर नावाचा जर्मन तंत्रज्ञ होता. ओलिओग्राफला, म्हणजे तिथे छापलेल्या रंगीत चित्रांना, प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागायचा, म्हणजे चित्र मोजक्या रंगांत फोडायचं काम कोणीतरी माणसाने डोळ्याने बघून केलेलं. जुनी चांगली प्रिंट मिळाली तर भिंगातून चेहरा बघा, कुठे किती रंग खर्च केलेत ते कळतं. लोक मग त्या प्रिंटवर खरी जर आणि टिकल्या चिकटवायचे, आणि म्हणूनच बहुधा जरीकाठाला मेटॅलिक दोरा वापरायचा मोह होतो. नका वापरू. तो दोरा तुटतो, उसवतो, आणि बाकीचं चित्र त्याच्यापुढे मळकं दिसतं. चित्रात जर पिवळ्या-तपकिरी रंगानेच काढलीय, ३८२०, ७८३, ७८० आणि एखादा टाका ७४५ चा, चमकते बरोबर.

इमेज कुठून घ्यायची, तर म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरून. एकाच चित्राच्या नेटवर पिवळट, निळसर, भडक अशा दहा कॉप्या असतात आणि तुमची त्वचा तिथेच बिघडते. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने तर २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइली सगळ्यांना मोफत वापरायला खुल्या केल्यात, पिएर ओगुस्त कोचं 'द स्टॉर्म', १८८०, तिथे आहे, तेही करण्यासारखं आहे, पण पारदर्शक वस्त्र आहे त्यात, पहिलं म्हणून नको. वॉटरहाउस १९१७ ला गेले, बर्टन १९०० ला, हायेज १८८२ ला, त्यामुळे या चित्रांचा स्वतः ग्राफ करायला आडकाठी नाही. दुसऱ्याने केलेला विकतचा ग्राफ मात्र त्याची मेहनत आहे, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका प्लीज.

ग्राफ झाला की कोपऱ्यातून सुरू करू नका. उरलेल्या कापडावर फक्त चेहरा भरा, दीड-दोन हजार टाक्यांचं काम आहे, आणि भिंतीला टाचून सहा फुटांवरून बघा, दिवसा एकदा आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये एकदा. हातात धरून बघितलं की सगळे चेहरे वाईटच दिसतात, त्यावरून काही ठरवू नका. मोबाइलने फोटो काढून छोटा करून बघितला तरी चालतं. जिथे खटकतं तिथले पाच-सहा टाके बदलायचे, बहुतेक वेळा तोंडाचा कोपरा आणि नाकाची एक बाजू असते. हे पटलं की मगच बाकीचे दोरे मागवा.

फ्रेम करताना काच टाक्यांना टेकू देऊ नका, मध्ये माउंट किंवा पट्टी टाकायला सांगा, मुंबई-कोकणात पावसाळ्यात काचेला आतून ओल धरते आणि बुरशीचे डाग पहिले पडतात ते फिक्या त्वचेवर. त्याआधी गार पाण्यात हलकं धुवा, घासायचं नाही, पिळायचं नाही, लाल आणि नेव्ही ब्लूचा एकेक तुकडा आधी ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून रंग जातो का बघा, आणि इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून.